सही करण्याआधी

अंबाजोगाई
नागपंचमी

चि. सौ. माईस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, शाळेच्या समितीला उभी राहू का?" माझं उत्तर हो असंच आहे. पण नुसतं हो म्हणून भागायचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका असताना या समितीची सदस्य सचिव मीच असायचे. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसतं ते पालकाला सहसा कुणी सांगत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सवडीने वाच आणि जावईबापूंनाही वाचून दाखव.

गावात या समितीला कुणी मोजत नाही. ग्रामपंचायतीला पॅनल पडतात, जेवणावळी उठतात. शाळा व्यवस्थापन समितीची निवड मात्र शनिवारी सकाळची शाळा सुटताना उरकली जाते. दहा-बारा माणसं व्हरांड्यात बसतात, नावं आदल्या रात्रीच ठरलेली असतात, कुणीतरी "बिनविरोध" म्हणतं आणि चहा येतो. बायका दाराशी उभ्या राहून परत जातात. कायदा काय देतो हे माहीत नसल्यामुळे हे चालतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. आपल्या राज्यात समिती साधारण 12 ते 16 जणांची असते, मुदत दोन वर्षांची असते आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. या कायद्याआधी ग्राम शिक्षण समित्या होत्या. त्यात गावचे मानकरी बसायचे आणि त्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात हे कुणी विचारायचं नाही. आता ज्यांची मुलं पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांना आपल्या शाळेच्या समितीचं अध्यक्ष होता येत नाही. या कायद्यातली ही तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. तुझी लेक तिसरीत आणि मुलगा पहिलीत, दोघंही त्याच शाळेच्या पत्र्याखाली बसतात. तुझा हक्क तिथून येतो. तो कुणी तुला मेहेरबानी म्हणून देत नाही, हे आधी मनात पक्कं कर.

समितीची कामं कायद्याने तीन सांगितली आहेत: शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणं. ऐकायला कोरडं वाटेल, पण घराशी येऊन भिडणाऱ्या गोष्टी यातच आहेत. गणवेशाचंच बघ. पूर्वी गणवेश समितीमार्फत घेतला जायचा. दोन जोड्यांचे 600 रुपये धरलेले असत, गावातला किंवा जवळचा शिंपी मापं घ्यायचा. 2024 साली राज्यभर एकच गणवेश द्यायचं ठरलं आणि कापड, शिलाई सगळं वरून ठरू लागलं. कितीतरी शाळांत अर्धं सत्र सरलं तरी गणवेश पोचला नाही. जिथे पोचला तिथून कापडाच्या आणि मापाच्या तक्रारी आल्या. शेवटी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा समित्यांकडे आलं. मंत्रालयातून पोराच्या खांद्याचं माप घेता येत नाही आणि गावातल्या समितीला ते येतं, हे यातून दिसलं. पण समितीने कापड न बघता दुकानदाराच्या बिलावर सही केली, तर पुन्हा तीच रड.

इथे तुला एक कठीण गोष्ट सांगते. तुझ्या घरी शिलाई मशीन आहे, हात चांगला आहे, आणि गणवेशाची शिलाई तुला मिळाली तर दिवाळीचा खर्च निघेल हे मलाही दिसतं. समितीत गेलीस तर ते काम घ्यायचं नाही. तुझ्या जावेच्या किंवा नणंदेच्या नावावरही घ्यायचं नाही. तू कितीही चोख शिवलंस तरी तुझ्या प्रत्येक प्रश्नावर गाव म्हणेल, हिला शिलाई मिळाली म्हणून ही बोलते. ते उत्पन्न सोडायची तयारी नसेल तर उभी राहू नकोस, त्यात काही कमीपणा नाही. बाहेर राहून शिव, आणि समितीत दुसऱ्या बाईला पाठिंबा दे.

आता पैशाचं. शाळेला समग्र शिक्षा अभियानातून दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. ते पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. आपल्या शाळेचा पट शंभराच्या आत आहे, म्हणजे पंचवीस हजार. वर्षभराचे खडू, दुरुस्ती, वीजबिल, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, सगळं त्यात. रक्कम लहान आहे, म्हणूनच तिच्यातला हजार रुपयेही वाया जाता कामा नये. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या नावाने हा व्यवहार चालतो. हल्ली पैसे ऑनलाइन जात असले तरी ठराव समितीचाच लागतो.

आणि ठरावाची वही कशी भरते ते ऐक. बैठक होत नाही. एक मुलगा वही घेऊन घरोघरी फिरतो. "बाईंनी सही मागितली आहे," म्हणतो. चुलीवर भाकरी असते, हात पिठाचा असतो, सासू म्हणते दे सही, पोरगं उभं आहे. सही होते. वरचं पान कोरं असतं. त्या कोऱ्या पानावर नंतर काय लिहिलं गेलं हे सहा महिन्यांनी लेखापरीक्षणाला कळतं, आणि तेव्हा सही तुझी असते. माई, कोऱ्या पानावर सही करायची नाही. बैठकीला गेल्याशिवाय हजेरीची सही करायची नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय नवा विषय सुरू होऊ द्यायचा नाही. पहिल्या दोन बैठकांत लोक कंटाळतील. तिसऱ्यापासून मुख्याध्यापक स्वतःच वही तयार ठेवतील. मी ठेवायचे, कारण एका गावात एक आजी दर वेळी तसं करायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नात शेजारी बसून वाचायची.

पोषण आहाराचा हिशोब तर तू स्वयंपाकघरात रोज करतेस तसाच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला 150. आज पाचवीपर्यंतची 62 मुलं हजर असतील तर 6 किलो 200 ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. वर्गात जा, डोकी मोज, मग साठा नोंदवही बघ. दोन्ही आकडे जुळले की पुढे विचारायचं कारण नाही. मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेऊन नोंद करायची असते. ती चव खरंच घे, नोंद खरी कर. स्वयंपाकी मावशींना दमात घेऊ नकोस. त्यांचं मानधन किती तुटपुंजं असतं आणि कितीदा रखडतं हे बघितलंस, तर त्यांच्या बाजूने तालुक्याला अर्ज लिहिणं हेही समितीचंच काम आहे हे तुझ्या लक्षात येईल.

पण मी तुला ज्यासाठी उभी राहा म्हणते, ते कारण निराळं आहे. आपला बालाघाटाचा मुलूख. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाच्या गाड्या लागतात आणि उचल घेतलेले कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याबरोबर पोरंही जातात, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत पोरं फडाकडेच्या कोपीत. थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, तिसरीतला मुलगा वाढं गोळा करतो. एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असतात. वर्गात मागे बसतात, आणि दोन-तीन हंगामांनंतर येतच नाहीत. मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे टिंबं काढत बसले आहे. मुलगा शाळेत नाही, पण पटावर आहे.

यावर आपल्या जिल्ह्यात उपाय आहे, आणि तो समितीच्या हातात आहे. हंगामी वसतिगृह. आईवडील गेले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत शिजतं आणि शाळा चालू राहते. त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी समितीने आधी करायची, ठराव करायचा, प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. सगळी गोम "आधी" या शब्दात आहे. प्रस्ताव दिवाळीनंतर गेला तर मंजुरी येईपर्यंत पोरं कधीच गाडीत बसून गेलेली असतात. एकदा आई पोराला घेऊन गेली की मधूनच कुणी परत आणून सोडत नाही. म्हणून यादी भाद्रपदातच झाली पाहिजे. प्रत्येक घरी जाऊन विचारायचं: यंदा जाणार का, किती मुलं, मागे राहायला घरात म्हातारं माणूस आहे का. ज्या घरात कुणीच नाही त्या मुलाला न्यावंच लागतं. त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेताना अडचण येत नाही. दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. हे आईबापांना समजावून सांगणारं कुणी लागतं. शिक्षक सांगतात, पण चूल विझवून निघालेल्या बाईला बाईने सांगितलेलं जास्त पटतं.

याच कारणासाठी समितीची निवड कधी होते याकडे लक्ष दे. पालकसभा मार्गशीर्षात घेतली तर तांड्यावरचे आणि वस्तीवरचे निम्मे पालक फडावर असतात. ज्यांच्या पोरांचं सगळ्यात जास्त अडतं, त्यांना तोंडच राहत नाही. तेव्हा पालकसभा दसऱ्याच्या आत घ्यावी, वेळ संध्याकाळची ठेवावी आणि सूचना तांड्यापर्यंत पोचवावी, असा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना दे. नुसती फळ्यावरची सूचना तांड्याला पोचत नाही.

प्रचाराचं विचारशील तर पॅनल करू नकोस. सरपंचाच्या माणसाविरुद्ध उभी आहेस असं गावात पसरू देऊ नकोस, कारण मग शाळा बाजूला राहते आणि भावकी पुढे येते. पंधरा-वीस घरी जा. आश्वासन देऊ नकोस, अमुक गुरुजींची बदली करून दाखवते असं तर मुळीच नको, ते समितीच्या हातातही नाही. प्रत्येक घरी मुलाला मराठीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला सांग. आईसमोर सांग. तिसरीतलं पोर पहिलीच्या ओळीशी अडखळलं की आईला पुढचं काही सांगावं लागत नाही. ती सभेला येते. अध्यक्षपद नाही मिळालं तरी सदस्य हो. सदस्यालाही वही बघायला मागता येते.

शिक्षकांशी वागताना एक पथ्य पाळ. शाळेत पाऊल टाकल्या टाकल्या घड्याळ बघू नकोस. गुरुजी उशिरा आले तर विचारायचंच, वेळेवर येणं आणि अभ्यासक्रम पूर्ण करणं ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामांना शिक्षकांना जुंपायचं नाही, हेही त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये आहे, आणि तरी माहिती भरण्यात त्यांचे तासचे तास जातात. तो वेळ वर्गाला परत मिळावा म्हणून समितीने ठराव करून वर पाठवला तर शिक्षक तुमच्या बाजूला येतात. पोरांना मारणं मात्र कुठल्याही सबबीवर खपवून घ्यायचं नाही. काही पालकच म्हणतील, मारा पण शिकवा. त्यांनाही समजावायचं.

जावईबापूंबद्दल मला आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. बैठकीला ते येतील आणि तू घरी राहशील, असं होऊ देऊ नका. सरपंचपती पुष्कळ झाले, अध्यक्षपती नको. त्यांनी त्या दिवशी गोठ्याचं आणि लेकरांचं बघावं, ही मदत पुरे आहे. तू पहिल्यांदा बोलशील तेव्हा आवाज कापेल. कापू दे. प्रश्न कागदावर लिहून ने आणि वाचून दाखव. लिहिलेला प्रश्न इतिवृत्तात घ्यायला लावता येतो.

गणपतीला सगळे गावाकडे येतील तेव्हा मीही येते. त्याच्या आधी एवढं कर: पालकसभेच्या तारखेचा अर्ज दोन प्रतींत लिही, एक शाळेत दे आणि दुसरीवर तारखेसह पोच घे. तांड्यावर कोण कोण जाणार त्याची यादी सुरू कर. कोयते सुटायला आता फार दिवस नाहीत.

तुझी,
आत्या