नावाची राखण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियंता चारित्र्याचा दाखला मागण्यासाठी माझ्याकडे आला. दाखला लिहून, सही-शिक्का करून मी त्याच्या हाती दिला, तरी तो बसूनच राहिला. मग हळूहळू बोलू लागला. बारा वर्षांपूर्वी, महाविद्यालयात शिकत असताना, एका मारामारीत त्याचा हात होता. ते तो नाकारीत नव्हता. ज्याला मारले त्याची त्याने घरी जाऊन क्षमा मागितली होती आणि प्रकरण समजुतीने मिटले होते. परंतु त्या दिवसाची बातमी इंटरनेटवर तशीच राहिली. नोकरीसाठी कोठेही अर्ज केला की त्याचे नाव टाकून पाहिले जाते आणि पहिल्याच पानावर ती बातमी उभी राहते. आता कोणी त्याला सुचविले होते की, पैसे घेऊन दहा-बारा स्तुतिपर लेख लिहून देणारी माणसे असतात. त्या लेखांच्या ढिगाखाली जुनी बातमी मागे पडते, तिथवर कोणी पोहोचत नाही.

“फादर, असे केले तर ती लबाडी होईल का?” त्याने विचारले.

मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण त्याच्या हातातील दाखल्यात त्या मारामारीचा उल्लेख मीही केला नव्हता. पंचवीसहून अधिक वर्षे मी असे दाखले लिहीत आलो आहे, आणि त्यांपैकी एकातही कोणाचा दोष नोंदविल्याचे मला स्मरत नाही. मग मीही झाकली मूठ सव्वा लाखाचीच ठेवीत आलो, असे म्हणावयाचे काय?

वाचकहो, प्रश्न एका तरुणापुरता नाही. वैद्य, शिक्षक, वकील, कारागीर, ज्याची भाकरी लोकांच्या विश्वासावर अवलंबून आहे अशा प्रत्येकाला आज आपल्या नावाची ही राखण करावी लागते. ती किती करावी आणि कोणत्या मार्गाने करावी, हा नीतीचा प्रश्न आहे.

सत्कीर्ती हे माणसाचे धन आहे, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र मानते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी परनिंदेची तुलना चोरीशी केली आणि निंदेचे पाप हत्येहून लहान, परंतु चोरीहून मोठे ठरविले. या परंपरेत एक सूक्ष्म भेद केला जातो. खोटा आळ घेणे हे तर पाप आहेच. परंतु दुसऱ्याचा खरा दोषदेखील सबळ कारणावाचून, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे हाही अन्यायच होय. ‘मी खोटे थोडेच बोललो?’ हा बचाव येथे पुरत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १३ मे २०१६ रोजी अब्रुनुकसानीच्या कायद्यासंबंधी निकाल देताना, प्रतिष्ठा हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे.

परंतु मुखाने पसरणारी निंदा काळाच्या ओघात विरून जाते. यंत्राच्या स्मृतीचे तसे नाही. याचे बोलके उदाहरण स्पेनमध्ये घडले. मारियो कोस्तेखा गोन्सालेस या गृहस्थांची सामाजिक सुरक्षेची काही देणी थकली होती. त्यांच्या वसुलीसाठी मालमत्तेचा लिलाव होणार असल्याच्या दोन छोट्या सूचना १९९८ साली ‘ला व्हॅनग्वार्दिया’ या बार्सिलोनाच्या दैनिकात छापून आल्या. ते प्रकरण कधीच मिटले; तरी पुढे कित्येक वर्षे गूगलवर त्यांचे नाव टाकले की त्या सूचना पुढे येत. २०१० साली त्यांनी तक्रार केली. १३ मे २०१४ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की माहिती कालबाह्य वा गैरलागू झाली असेल, तर नावाच्या शोधातून तिचे दुवे काढून टाकण्याची मागणी माणसाला करता येते. यालाच ‘विस्मृतीचा हक्क’ असे म्हणतात. दैवाची थट्टा अशी की, ज्या कर्जाचा विसर पडावा म्हणून हे गृहस्थ झगडले, ते कर्ज आज देशोदेशींच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे!

या निकालात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, वर्तमानपत्रातील मूळ सूचना तशीच राहिली. इतिहास खोडला गेला नाही. दुसरी, ज्याचे सार्वजनिक जीवनात स्थान आहे आणि ज्याच्याविषयी जाणून घेण्यात लोकांचे हित आहे, त्याला ही सवलत मिळेलच असे नाही. झाकावे काय आणि उघडे ठेवावे काय, याची कसोटी मला येथेच सापडते. जे झाकले जात आहे त्यावाचून समोरच्या माणसाची फसगत होणार असेल, तर ते मौन म्हणजे असत्यच. शस्त्रक्रियेतील हलगर्जीपणा स्तुतीच्या लेखांखाली दडविणारा वैद्य आपली प्रतिष्ठा राखीत नाही. रुग्णाचा जीव पणाला लावतो. एकदा एका गृहस्थांना पतपेढीचे हिशेब सांभाळण्याच्या कामासाठी दाखला हवा होता. पूर्वी दुसरीकडे त्यांनी पैशांची अफरातफर केली होती आणि ती भरून दिली नव्हती. तो दाखला मी नाकारला, व का नाकारला ते त्यांना तोंडावर सांगितले. दोष लिहिला नाही, पण निर्दोषत्वही लिहिले नाही.

त्या तरुणाचे तसे नव्हते. एका चुकीची भरपाई करून तो बारा वर्षे सरळ जगला होता. त्याने विसर मागण्यात अन्याय नव्हता. परंतु विकत घेतलेली स्तुती ही निराळी बाब आहे. ज्यांनी त्याला पाहिले नाही त्यांनी त्याचे गुण गावेत, आणि वाचणाऱ्याने ते खरे मानावेत, यात वाचणाऱ्याची फसवणूक आहे. शिवाय अशी प्रतिमा माणसालाच गिळते. बाहेरून चुना फासलेल्या कबरींची उपमा देऊन प्रभू येशूने दिलेला इशारा आपल्याला परिचित आहे. प्रतिमा ही लोकांच्या डोळ्यांत असते, शील आपल्या वागण्यात; पहिलीची निगा राखता राखता दुसऱ्याकडे दुर्लक्ष होणे अगदी सोपे आहे.

म्हणून मी त्याला इतकेच सांगितले: “ते लेख विकत घेऊ नकोस. आपण काय काम केले, कोठे केले, हे स्वतःच्या नावाने खरेखुरे लिही. त्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून, प्रकरण समजुतीने मिटले ही नोंद बातमीखाली जोडण्याची विनंती कर. आणि मुलाखतीत कोणी विचारले तर लपवू नकोस. चूक सांग, क्षमा मागितल्याचेही सांग.”

तो गेला. नोकरी त्याला मिळाली की नाही, मला अजून कळलेले नाही. मात्र त्या संध्याकाळपासून मला असे वाटू लागले आहे की, आपण त्याच्याकडून फार अपेक्षा करतो आणि नावे शोधणाऱ्यांकडून काहीच करीत नाही. पूर्वी गाव सारे जाणून असे. पण मारामारी करणारा पोरगा पुढे म्हाताऱ्या आईची सेवा करताना त्याच गावाला दिसे, आणि मग त्याचे मत बदले. यंत्राला हा नंतरचा माणूस दिसत नाही. तो पाहणे हे शोधणाऱ्याचे कर्तव्य आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु बारा वर्षांपूर्वीच्या शितावरून आजच्या भाताची कशी व्हावी?

स्थळ पाहताना, नोकर ठेवताना, किंवा नुसत्या कुतूहलाने, आपण सारेच आता नावे शोधतो. कोणी मोबाइल माझ्यापुढे धरून “हे पाहा, फादर” म्हणाले, की मी आता दोनच प्रश्न विचारतो: हे केव्हाचे आहे? आणि त्यानंतर त्या माणसाला तुम्ही भेटला आहात काय?