फूल, दुआ आणि दवा

मोगरा आमच्या घरांची साथ सहसा सोडत नाही. दूल्ह्याच्या सेहऱ्यात तो, दुल्हनच्या गजऱ्यात तो, दर्ग्यावरच्या चादरीत तो आणि कबरीच्या ताज्या मातीवरही तोच. शेजारच्या देव्हाऱ्यातही तो असतो. उर्दूत आम्ही त्याला बेला किंवा मोतिया म्हणतो. दूरच्या फिलिपिन्सने तर १९३४ साली त्याला राष्ट्रीय फूल केले.

इतक्या लाडक्या फुलात काही ताकद असेल, असे माणसाला वाटणारच. दर्ग्यावरून उतरलेली फुले तबर्रुक म्हणून घरी येतात. कोणी ती आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो, कोणी मूल व्हावे म्हणून पाकळी खातो. मजारवर फुले वाहावीत की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे : याला श्रद्धा म्हणावे की जादू?

आम्हांला वाटते, फरक फुलात नाही, दाव्यात आहे. दुआ मागणारा म्हणतो, शिफा अल्लाहच्या हाती. जादू विकणारा म्हणतो, शिफा माझ्या हाती. दवाखान्यात जाऊ नका. पहिला धीर देतो, दुसरा वेळ खातो. सर्पदंशात वेळ म्हणजेच जीव. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. यात धर्मावर घाला कसला? इलाज करा, ही तर पैगंबरांचीच (स.) शिकवण आहे.

पण जुने ते सगळे खोटे, असेही नाही. बाळंतिणीचे दूध आटवण्यासाठी छातीवर मोगऱ्याची फुले बांधण्याची रीत आहे. बाळ दगावलेल्या आईला त्याची किती गरज असते, ते बायकाच जाणतात. शिकलेला माणूस या रीतीला हसेल. मात्र १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी ही फुले ब्रोमोक्रिप्टिन या औषधाशी ताडून पाहिली. रक्तातले प्रोलॅक्टिन औषधाने अधिक उतरले. पण दूध आटवण्यात दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. ती रीत कसोटीला घाबरली नाही. जादूला मात्र कसोटीचेच वावडे असते.

म्हणून हसण्याआधी तपासावे आणि मानण्याआधीही तपासावे. चादर चढवणारे हात आम्ही अडवणार नाही. एवढेच सांगू : आजारी मुलाच्या उशाशी फूल ठेवा, दुआ करा, पण त्याआधी रिक्षा बोलवा.