पानफुटी आणि जीव मोजण्याचा प्रश्न

पानफुटीचे एक पान तोडून ओलसर मातीवर नुसते टेकवून ठेवले, तर काही दिवसांत त्याच्या कडेच्या खाचांतून बारीक मुळ्या आणि इवले कोंब बाहेर पडतात. मातीचीही गरज नसते. पावसाळ्याच्या दमट हवेत दोऱ्याने टांगलेले पानसुद्धा फुटते. मूळची मादागास्करची ही मांसल पानांची वनस्पती आपल्याकडच्या अंगणांत आणि कुंड्यांत इतकी रुळली आहे, की तिच्याकडे थांबून पाहणे होत नाही. पण तिच्या पानावर एक जुना, अवघड प्रश्न वाढत असतो. एका पानातून पाच रोपे उभी राहिली, तर जीव किती झाले? आधीचाच एक पसरला, की पाच नवे आले? मला वाटते, या प्रश्नाला ठाम आकडा देता येत नाही. जिवाचा एकपणा त्याला जन्मतः चिकटलेला नसतो. तो अवयवांच्या आपसांतल्या बांधिलकीने घडतो आणि ती टिकते तोवरच टिकतो.

आपल्या परंपरेने झाडाकडे पाहूनच जिवाचा विचार केला आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला वृक्षाचे उदाहरण देतो: जीव ज्या फांदीला सोडून जातो ती सुकते आणि सगळ्या वृक्षाला सोडून गेला तर सगळा वृक्ष सुकतो. म्हणजे जीव एक, झाड त्याचे घर. पानफुटी इथे अडचण उभी करते. पान झाडापासून तुटते, पण सुकत नाही आणि मागे उरलेले झाडही हिरवेच राहते. मग जीव कोणाकडे गेला? जैन आचार्यांनी ही अडचण अधिक गांभीर्याने घेतली, असे माझे मत आहे. त्यांनी वनस्पतींमध्ये ‘प्रत्येक’ आणि ‘साधारण’ असा भेद केला: पहिलीत एका शरीराला एक जीव, दुसरीत एकाच शरीरात अनंत जीव. साधारण शरीर ओळखण्याच्या खुणांमध्ये ‘तोडल्यावर पुन्हा उगवणे’ ही एक खूण सांगितली आहे. कंदमुळे वर्ज्य मानण्यामागे हाच अनंतकायाचा विचार आहे. डोळ्यांना दिसले ते नाकारण्याऐवजी ‘एक शरीर, एक जीव’ हे गृहीतच त्यांनी सोडले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तरीही आकड्याचा आग्रह तिथेही सुटलेला नाही. एकाच्या जागी अनंत आले, एवढेच. कोणी म्हणेल, प्रत्येक खाचेत सुप्त कोंब आधीपासून असतोच, मग तेवढे जीव आधीपासून होते असे का मानू नये? याचे उत्तर जीवशास्त्रज्ञ जॅक लोब यांच्या प्रयोगांत सापडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी याच वनस्पतीवर वर्षानुवर्षे काम केले आणि 1924 मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पान खोडाला जोडलेले असताना खाचा सहसा झोपलेल्या राहतात. पान तोडले की काही खाचा फुटतात, आणि ज्या आधी फुटतात त्या उरलेल्यांना दाबून ठेवतात. पण त्याच पानाचे असे तुकडे केले, की प्रत्येकात एकच खाच राहील, तर दबलेल्या खाचाही फुटतात. म्हणजे किती रोपे होणार हे आत दडलेल्या संख्येवर ठरत नाही, कोण कोणाशी जोडलेले आहे यावर ठरते. पान असणे म्हणजे झाड होणे आवरून धरणे, आणि ते आवरणे दोन्हीकडून वाहणाऱ्या रसांनी सतत चालू असते. लोब यांना यात आत्म्याची गरज दिसली नाही. त्यांच्या निरीक्षणांनी आत्मा खोटा ठरत नाही. मात्र तो मोजता येतो हा समज मोडतो.

आजचा विज्ञाननिष्ठ वाचक म्हणेल, यात गूढ काय आहे? सगळ्या रोपांची जनुके एकच, म्हणून ती एकच वनस्पती. पण एकसारख्या जुळ्या भावांचीही जनुके एकच असतात आणि एक वारला तर आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘तो आहेच की’ असे म्हणत नाही. सारखेपणा आणि एकपणा वेगळे आहेत. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातल्या नागसेन भिक्षूचे उत्तर याहून खोल आहे: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नसते आणि दुसरीही नसते. पण ज्योतीचा प्रवाह एका रेषेत वाहतो. पानफुटीत प्रवाहाला फाटे फुटतात, शिवाय मूळ पान काही काळ शेजारीच उरते आणि आपले पाणी व साठवण पिलांना देत देत चुरगळून जाते. त्या क्षणी कोण मेले? एक पान संपले हे खरे. पण ज्याला आपण मृत्यू म्हणतो, ती गोष्ट तिथे बोट ठेवून दाखवता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. वनस्पतीला ‘मी’ नसतो. माणसाला असतो, म्हणून पानावरून आत्म्याविषयी काही ठरवू नये. पहिला भाग मी मान्य करतो. जाणिवेचा एकपणा हा निराळा विषय आहे आणि पानफुटी त्याबद्दल काही सांगत नाही. पण जीव शरीरात नेमका केव्हा प्रवेशतो, तो अविभाज्य कसा, हे सांगणारे बहुतेक जण जाणिवेच्या कितीतरी आधीच्या अवस्थेबद्दल बोलत असतात. आणि त्या अवस्थेत माणूसही पानफुटीपासून फार दूर नसतो. एकसारखी जुळी होतात तेव्हा एकच फलित बीज गर्भधारणेनंतरच्या साधारण पहिल्या दोन आठवड्यांत दुभंगते आणि दोन्ही भाग पूर्ण वाढतात. दुभंगण्याआधी तिथे एक आत्मा होता, की दोन वाट पाहत होते? एक होता म्हणावे, तर दुसरा कुठून आला हे सांगावे लागते. दोन होते म्हणावे, तर न दुभंगलेल्या प्रत्येक गर्भातही दोन का नसावेत, हे सांगावे लागते. जो जिवाला अविभाज्य आणि मोजता येण्याजोगा मानतो, त्याला पानाच्या कडेवरच्या त्या कोंबांना चुकवून पुढे जाता येईल, पण या गर्भाला नाही.