सोंग उतरवायचं कुणापुढे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंदेची मुलगी सांवेरला आली, की आमच्या घरात सिनेमांची पंगत बसते. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपलेली असतात, ओटा आवरलेला असतो, रात्र मोकळी असते. यंदा तिनं आल्या आल्याच बजावलं, "मामी, फक्त विनोदी लावायचं. रडारड नको." मग काय, एकामागून एक सोंगांचे सिनेमे झाले. 'मैं हूँ ना' (2004) झाला. त्यात लष्करातला मेजर राम जनरलच्या मुलीच्या रक्षणासाठी विद्यार्थी बनून दार्जिलिंगच्या कॉलेजात जातो. 'मिस कन्जिनिअ‍ॅलिटी' (2000) झाला. त्यात एफबीआयची रांगडी अधिकारी ग्रेसी हार्ट सौंदर्यस्पर्धेत स्पर्धक म्हणून घुसते. आणि आपला 'अशी ही बनवाबनवी' (1988) तर दरवर्षी होतोच. त्यात कुणी गुप्तहेर नाही, पण लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा मिळावी म्हणून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. संवाद पाठ असूनही आम्ही पोट धरधरून हसतो.

हसता हसता भाचीनं विचारलं, "मामी, तुम्ही तर म्हणता खोटं बोलणं पाप. मग या लोकांचं खोटं आपल्याला आवडतं कसं?"

मी म्हटलं, "अगं, तो सिनेमा आहे." तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

मैत्रिणींनो, दशलक्षण पर्वात तिसरा दिवस आर्जवाचा. ऋजू म्हणजे सरळ. मनात जे, तेच वाणीत आणि तेच वागण्यात. त्याच्या उलट माया, म्हणजे कपट. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणी पाठशाळेत घोकले. मायेमुळे तिर्यंच गती मिळते असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. या हिशोबानं वेषांतर म्हणजे चालतीबोलती माया. मन एक, तोंड दुसरं, कपडे तिसरेच.

पण मग आपल्याच परंपरेतली अकलंक-निकलंकाची कथा घ्या. दोघा भावांना बौद्ध न्याय शिकायचा होता. जैन म्हणून प्रवेश मिळणार नव्हता, तेव्हा ओळख लपवून ते मठात राहिले. संशय आला तशी परीक्षा झाली. वाटेत जिनप्रतिमा ठेवून ती ओलांडायला लावली, तर अकलंकांनी तिच्यावर एक धागा टाकला आणि मग ती ओलांडली. शेवटी एका रात्री भांडी धाडकन पाडली. झोपेतून दचकून उठलेल्या भावांच्या तोंडून णमोकार निघाला आणि सोंग उघडं पडलं. दोघं पळाले. अकलंक तळ्यात लपून वाचले, पुढे थोर आचार्य झाले, 'तत्त्वार्थराजवार्तिक' लिहून गेले. निकलंक मारले गेले.

ही कथा सांगताना आपण निकलंकांच्या बलिदानाशी थांबतो. पण कथेत एक धोबीही आहे. घोडेस्वार मागे लागलेले पाहून तो बिचारा घाबरला आणि निकलंकांबरोबर पळू लागला. दोघांनाच पकडायचं होतं, दोघं सापडले, म्हणून तोही मारला गेला. सोंग कुणाचं, कशासाठी, याचा त्याला पत्ताही नव्हता.

त्या रात्री मला झोप लागू दिली नाही ती या धोब्यानं.

आता माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मुलासाठी इंदूरचं एक स्थळ आलं होतं. पत्रिका, फोटो झाले. आपल्यात 'आधी चौकशी करून घ्या' म्हणायची पद्धत आहेच. त्या मुलीची आई घरी फॉल-पिकोचं काम करायची. मुलगीही मदतीला असे. मी आणि एक नातेवाईक बाई दोन साड्या घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेलो. आडनाव दुसरं सांगितलं, गाव देवास सांगितलं. रिक्षात आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होतो. अगदी सिनेमासारखंच वाटत होतं.

साड्या परत घ्यायला मी एकटी गेले. आई बाहेर गेली होती. उंबऱ्याला ठेच लागली आणि माझ्या तोंडून नकळत 'णमो अरिहंताणं' निघून गेलं. मुलगी हसली. "काकू, तुम्ही आपल्यातल्याच की!" तिनं मला बसवलं, पाणी गाळून दिलं, पिकोचे पैसे घेतले नाहीत. आणि आपल्यातलीच, पण ओळखीतली नसलेली बाई समोर आहे म्हणून ती मोकळी झाली. म्हणाली, सांवेरचं एक स्थळ चाललंय, मनावर दडपण आहे, कारण एक गोष्ट आहे, ती त्यांना आधीच सांगावी की नंतर? तिनं ती गोष्ट मला सांगितली. वर विचारलं, "काकू, तुम्ही त्यांच्या जागी असता तर?"

अकलंकांचा णमोकार त्यांच्या जिवावर उठला. माझ्या णमोकारानं मला तिचा विश्वास फुकटात मिळवून दिला.

ती गोष्ट काय होती, ते मी इथं लिहिणार नाही. एकदा वापरली तेवढं पुरे. त्यात तिचा दोष तसूभरही नव्हता. घरी येऊन मी ती सांगितली आणि आम्ही 'पत्रिका जुळत नाही' म्हणून कळवलं. म्हणजे सोंगावर आणखी एक सोंग. पुढे मुलाचं लग्न झालं. सून गुणाची आहे, माझी लेकच आहे. प्रश्न तिचा नाहीच.

प्रश्न असा, की पार्वती झालेल्या परशुरामाला मी हसते आणि देवासची झालेली स्वतः आठवले की घशात आवंढा येतो. असं का? वेष तर दोघांनीही पालटला.

विचार करता करता मला दोन फरक दिसले. पहिला असा, की विनोदी सिनेमातलं सोंग बहुतेक वेळा दुबळा माणूस घेतो आणि बळवानापुढे घेतो. बनवाबनवीतल्या मुलांना राहायला जागा नाही, किल्ली लीलाबाईंकडे आहे. 'गोलमाल' (1979) मधल्या रामप्रसादला नोकरी हवी आहे आणि माणसाची पारख मिशीवरून करणारे भवानीशंकर मालक आहेत. आपण हसतो ते त्या अडमुठ्या अटीला. माझ्या गोष्टीत मात्र मुलाची आई मी होते. पसंत-नापसंत माझ्या हाती होतं. बळ माझ्याकडे होतं आणि सोंगही मीच घेतलं.

दुसरा फरक मला जास्त मोठा वाटतो. सिनेमात शेवटच्या रिळात सोंग उतरतं, आणि ज्याला फसवलं त्याच्याच पुढे उतरतं. त्याला संतापायची, रडायची, दार बंद करायची संधी मिळते. 'मैं हूँ ना' मधला राम तर चांगल्या कामासाठी गेलेला, तरी सावत्र आई आणि भावाच्या घरात तो ओळख लपवून राहतो. खरं कळतं तेव्हा त्या दोघांना लागतंच. ग्रेसी हार्ट त्या मुलींना आधी तुच्छ लेखते, त्यांच्यात राहून शेवटी त्यांची मैत्रीण होते. माफी त्यानंतरची. आयुष्यात मात्र यशस्वी झालेलं सोंग कधीच उतरत नाही. फसलेल्या माणसाला आपण फसलो हेच कळत नाही. त्या धोब्यासारखं.

आमच्या सांवेरला उलट्या हनुमानाच्या दर्शनाला दूरदूरहून माणसं येतात. शेजारची आजी कथा सांगते, अहिरावण बिभीषणाचं रूप घेऊन आला आणि राम-लक्ष्मणांना पाताळात घेऊन गेला. शत्रूच्या रूपात आला असता तर आत शिरताच आला नसता. घात झाला तो विश्वासाच्या माणसाच्या रूपामुळे. मीही 'आपल्यातली' होऊनच शिरले होते.

म्हणून आता मी स्वतःला एकच कसोटी लावते. वेष घ्यावाच लागला, मग ते राज्याच्या हेराचं काम असो, की आजाऱ्यापासून काही दिवस लपवलेलं दुखणं असो, तर एक दिवस त्याच माणसापुढे तो उतरवून दाखवता येईल का? येणार असेल तर कदाचित क्षमा आहे. येणार नसेल तर ती निव्वळ माया.

गेल्या वर्षी इंदूरला एका लग्नात ती भेटली. कडेवर बाळ होतं. "काकू, तुम्ही देवासच्या ना? साड्या घेऊन आला होता!" मी 'हो' म्हटलं. मैत्रिणींनो, तिसऱ्यांदा खोटं बोलले. दर क्षमावणीला मी सगळ्या जिवांची क्षमा मागते. त्या सगळ्यांत ती असेलच, अशी समजूत करून घेत होते. पण जिला कशाची क्षमा हेच माहीत नाही, तिच्याकडे घाऊक क्षमा कशी मागायची?

भाचीला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामी, मग तुमचं शेवटचं रीळ अजून बाकी आहे."

तिचा पत्ता मिळवला आहे. येत्या पर्वाच्या आधी जाणार आहे, स्वतःच्या आडनावानं. तिनं दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क आहे.