दोरी खरी कशावरून?

भोपाळपासून सुमारे ३० किलोमीटरवर भोजपूर आहे. अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावाशी जोडलेले तिथले शिवमंदिर अपुरेच राहिले. पण आजूबाजूच्या कातळावर कोरलेल्या आराखड्याच्या रेषा अजून दिसतात. घडवलेला दगड त्या रेषांशी ताडून पाहायचा. रेषाच तिरकी निघाली तर?

घरी सायकलची फ्रेम बनवणाऱ्याची हीच पंचाईत होते. पितळेचा जोड थंड होताना नळी किंचित ओढली जाते, म्हणून तपासणी टळत नाही. मागचा आस बसतो त्या एका खाचेला दोरी बांधायची, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणायची आणि सीटच्या दांड्यापासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. डावीकडे ३० मिलिमीटर आणि उजवीकडे २८ भरले, तर दांडा दोऱ्यांच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकलेला.

मग मागचे चाक बसवावे, तर रिम डावीकडे सरकलेली. दोष फ्रेमचा की चाकाचा? चाक काढून उलटे बसवायचे. रिम आता उजवीकडे गेली, तर स्पोक पुन्हा ओढायला हवेत. डावीकडेच राहिली, तर फ्रेम वाकडी. खात्रीचे काहीच हाताशी नसताना दोन संशयितांकडून खरे वदवून घेणारी ही युक्ती विलक्षण आहे.

वस्तू प्रमाणांनी, म्हणजे जाणण्याच्या साधनांनी, सिद्ध होतात, मग प्रमाणे कशाने? ‘विग्रहव्यावर्तनी’त बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने हे विचारले. दुसऱ्या प्रमाणाने म्हणावे, तर त्याला तिसरे लागते आणि त्याला अंत नाही. न्यायसूत्रांत यावर तराजूचा दाखला आहे. तराजू सोने तोलतो. पण त्याच्याविषयीच शंका आली, की वजन ठाऊक असलेल्या सोन्याने तराजू तपासता येतो. उलटे बसवलेले चाक याच्याही पुढे जाते. तिथे सोन्याचे वजनसुद्धा आधी ठाऊक नसते.

श्रद्धावंताचे काम याहून बिकट. खऱ्याखोट्याच्या निवाड्यासाठी तुकोबांनी बहुमताला नव्हे, मनाला साक्षी ठेवले. पण मन काही काढून उलटे बसवता येत नाही. निंदक शेजारी असावा असे आपल्याकडे म्हणतात, ते बहुधा यासाठीच; त्याला आपले डावे उजवे दिसते.

फ्रेमलाही असा शेजारी लागतो. दोरीला फ्रेमचा पीळ कळत नाही. हँडलची नळी आणि सीटचा दांडा समांतर आहेत का, हे समोरून एक डोळा मिटून पाहावे लागते. हे काम दुसऱ्या कुणाला सांगावे, कारण बनवणाऱ्याची नजर तोवर त्या पिळाला सरावलेली असते.