गंधक जातं कुठं?

१ एप्रिल २०२० या दिवशी भारतातल्या सगळ्या पंपांवर एक बदल अधिकृतपणे लागू झाला. पेट्रोल आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आली. बीएस-चार संपलं, बीएस-सहा आलं. त्या दिवशी टाळेबंदी सुरू होऊन आठवडा झाला होता. लक्ष्मी रस्ता ओस पडला होता आणि पंपांवर अत्यावश्यक सेवेतली वाहनं तेवढी दिसत होती. हवा स्वच्छ झाली होती, पण त्याचं श्रेय टाळेबंदीला गेलं, आणि त्या दिवसांपुरतं ते बरोबरही होतं. पुढे रस्ते पुन्हा भरले, तेव्हा आपल्या टाकीत आता वेगळं इंधन पडतंय हे किती जणांच्या ध्यानात आलं असेल? मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून माझ्या ध्यानात आलं. शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हो का? बरं झालं." विषय संपला.

मला मात्र तो तिथे संपवता येत नाही. जे चांगलं आपण ठरवलं नाही, ज्यासाठी आपण काही सोडलं नाही, जे झाल्याचं आपल्याला कळलंही नाही, ते नैतिक अर्थानं आपलं किती? आणि त्याची किंमत दुसरीकडे कुणी मोजत असेल, तर ती किंमत आपली किती?

आधी नेमकं काय झालं ते पाहू. कच्च्या तेलात गंधक असतंच. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे एक टन डिझेलमध्ये दहा किलो. आज तेवढ्याच डिझेलमध्ये दहा ग्रॅमची मुभा आहे. पंचवीस वर्षांत मर्यादा हजारपटीनं खाली आली. इंधनाबरोबर जळालेल्या गंधकाचा वायू होतो, त्या वायूपासून हवेत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. शिवाय गंधक गाडीच्या धुराड्यातल्या उत्प्रेरकाला निकामी करतं. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू तिथे विषारी वायूंचं रूपांतर निरुपद्रवी वायूंत करत असतात. गंधक त्यांच्या पृष्ठभागावर ठाण मांडून बसतं आणि त्यांना काम करू देत नाही. पूर्वी शिसं हेच करायचं. ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातल्या पेट्रोलमधून हद्दपार झालं. थोडक्यात, गाडीतला उत्प्रेरक चालायचा तर त्याआधी रिफायनरीतल्या उत्प्रेरकानं आपलं काम चोख केलेलं असायला हवं.

रिफायनरीतला हा उत्प्रेरक दिसायला अगदी सामान्य असतो. ॲल्युमिनाच्या लहान लहान कांड्या आणि त्यांवर मॉलिब्डेनमचं व कोबाल्ट किंवा निकेलचं सल्फाइड. तीनशे ते चारशे अंश तापमानाला, मोठ्या दाबाखाली, डिझेल आणि हायड्रोजन या कांड्यांमधून वाहत जातात. कार्बन आणि गंधक यांच्यातला बंध तुटतो आणि गंधक हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात बाहेर पडतं. बरंचसं गंधक सहज निघतं. शेवटचं मात्र चिवट असतं. काही रेणूंमध्ये गंधकाचा अणू दोन मिथाइल गटांच्या मधोमध असा दडलेला असतो की उत्प्रेरकाला त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. पाचशेवरून पन्नासवर येणं आणि पन्नासवरून दहावर येणं यांत म्हणूनच फरक आहे. त्या शेवटच्या चाळीस भागांसाठी अधिक चांगले उत्प्रेरक, अधिक हायड्रोजन, मोठे संयंत्र आणि हजारो कोटी रुपये लागले.

या कहाणीत पुण्याची जागा थोडी खास आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० साली सुरू झालेल्या या संस्थेत उत्प्रेरकांवर अनेक दशकं मोलाचं काम झालं. १९८०च्या दशकात इथे घडलेला 'एन्सिलाइट' हा झिओलाइट बडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात वापरात गेला. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिज. वाघोलीच्या खाणींतल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत त्याचे नैसर्गिक स्फटिक सापडतात आणि जगभरातल्या संग्राहकांकडे जातात. त्याच घराण्यातला मानवनिर्मित झिओलाइट रिफायनरीत जड तेलाचे रेणू तोडून पेट्रोल बनवतो. पाषाणपासून थोड्या अंतरावर, वेताळ टेकडीवर, वाहनांचा धूर मोजणारी एआरएआय आहे. पाषाणलाच हवेचा अंदाज वर्तवणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. म्हणजे उत्प्रेरक, धूर आणि हवा या तिन्हींचा अभ्यास एका रिक्षाच्या भाड्यात बसेल एवढ्या टापूत होतो. देशाचं वाहन-इंधन धोरण सुचवण्यासाठी २००१ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर, हेही पूर्वी याच प्रयोगशाळेचे संचालक होते.

त्या समितीनं २००२ साली टप्पे आखून दिले. पुण्यामुंबईसह अकरा शहरांना २००५ पासून युरो-तीन दर्जाचं इंधन, बाकी देशाला तेव्हा बीएस-दोन आणि २०१० पासून वरचा दर्जा. यात व्यवहार होता. सगळ्या रिफायनऱ्या एकदम बदलणं शक्य नव्हतं आणि शहरांत धूर जास्त होता. तरी याचा साधा अर्थ असा की बरीच वर्षं पुण्यातल्या आणि गडचिरोलीतल्या फुप्फुसांसाठी कायद्यानं दोन वेगळे आकडे ठरवले होते. तेव्हा याबद्दल कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. जे मिळतंय हेच माहीत नसतं, ते कमी मिळाल्याबद्दल कोण भांडणार?

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे चांगुलपणाचा विचार बहुधा हेतूपासून सुरू होतो. मन शुद्ध हवं, मग कृती शुद्ध. हा निकष लावला तर इंधन स्वच्छ होण्यात वाहनचालकांचा नैतिक वाटा शून्य आहे. आपण फक्त पंपावर गेलो आणि पैसे दिले. पण समजा, हे आपल्या सदिच्छेवर सोडलं असतं. पंपावर दोन नळ्या असत्या, एक गंधकाची आणि एक बिनगंधकाची, दुसरी लिटरमागे दोन रुपयांनी महाग. रांग कुठे लागली असती? ज्या शहरानं स्वतःची कवटी वाचवणाऱ्या हेल्मेटविरुद्ध मोर्चे काढले, ते दुसऱ्याच्या फुप्फुसासाठी दोन रुपये जास्त देईल, अशी माझी तरी खात्री नाही. स्वारगेटच्या सिग्नलला उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला, तिथे गजरे विकणाऱ्या बाईला, पुढच्या माणसाचं मन शुद्ध आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. तिला हवा शुद्ध हवी आहे. म्हणून या प्रश्नात मी हेतूपेक्षा परिणामाच्या बाजूनं आहे. कुणाच्याही सद्गुणावर अवलंबून नसलेला चांगुलपणा हा कमी प्रतीचा नसतो. चांगल्या कायद्याचं बळ तर त्यातच असतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पण वर्गात हा भाग शिकवताना दरवर्षी एखादं तरी पोर विचारायचं, "सर, मग ते काढलेलं गंधक जातं कुठं?" परीक्षेत न येणारा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याचं साधं उत्तर असं. हायड्रोजन सल्फाइडपासून क्लॉस प्रक्रियेनं पिवळं, कोरडं गंधक मिळतं आणि ते विकलं जातं. जगात आज वापरलं जाणारं बहुतांश गंधक खाणीतून येत नाही, तेल आणि वायूच्या शुद्धीकरणातून येतं. त्याचं आम्ल होतं, आम्लापासून खतं होतात. साखर कारखान्यांत गंधक जाळून त्याचा वायू उसाच्या रसात सोडतात, म्हणून साखर पांढरी दिसते. द्राक्षबागेत भुरी पडू नये म्हणून गंधकाची धुरळणी होते. धुरातून काढलेली वस्तू चहाच्या साखरेच्या आणि द्राक्षाच्या कामी येते, याचा रसायनशास्त्राच्या माणसाला आनंद होतोच. इथपर्यंत हिशेब छान जुळतो.

पुढे तो तितका जुळत नाही. गंधक काढायला लागणारा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायू किंवा नाफ्था वाफेबरोबर तापवून बनवतात. एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शहराचा धूर कमी करताना पृथ्वीच्या तापात थोडी भर पडते. शिवाय शहरांनी नाकारलेलं गंधक अनेक वर्षं समुद्रावर जाळलं जात होतं. जहाजांच्या जड इंधनात साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. ही मर्यादा १ जानेवारी २०२० पासून अर्ध्या टक्क्यावर आली. तीही आपल्या पंपावरच्या मर्यादेच्या पाचशेपट आहे.

आणि माहुल. पुण्याचं बरंच इंधन मुंबईहून जमिनीखालच्या पाइपलाइननं लोणी काळभोरला येतं. त्या पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाशी माहुल आहे. तिथल्या दोन रिफायनऱ्या १९५०च्या दशकातल्या. त्यांच्या भोवती साठवणीच्या टाक्या, खतं आणि रसायनांचे कारखाने, आणि या सगळ्यांच्या मध्ये जुना कोळीवाडा. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या लोकांनाही या भागातल्या इमारतींत पाठवण्यात आलं. तिथे राहणं आरोग्याला घातक आहे, ही त्यांची तक्रार मुंबई उच्च न्यायालयानं गांभीर्यानं घेतली आणि २०१९ साली त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडं देण्याचा आदेश दिला. त्याआधी माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांनी हवेतल्या विषारी वाफांविरुद्ध हरित लवादाकडे दाद मागितली होती. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. म्हणजे माहुलचं इंधन पाइपनं पुण्यात आलं आणि माहुलची तक्रार कागदावरून पुण्यात आली. इंधनाची वाट आपल्याला ठाऊक नव्हती आणि तक्रारीचीही नव्हती. माहुलचा सगळा त्रास गंधक काढण्यामुळे होतो असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण स्वच्छ इंधन जिथे तयार होतं, साठवलं जातं, तिथल्या माणसाला 'स्वच्छ' हा शब्द कसा ऐकू येत असेल, एवढं मात्र विचारायला हवं.

कोकणातली रिफायनरी आधी नाणारला आणि मग बारसूला येऊ घातली, तेव्हा पुण्यातल्या गप्पांत मी दोन वाक्यं नेहमी ऐकली. एक, "विकास नको का यांना?" दुसरं, "कोकणचं वाटोळं होईल." दोन्ही वाक्यं बोलणारे गाडीनंच आले होते. दोघांच्याही बोलण्यात स्वतःची टाकी नव्हती. रिफायनरी हवी की नको, हा जणू फक्त राजापूर तालुक्याचा प्रश्न होता.

नकळत झालेल्या चांगुलपणाची खरी अडचण मला इथे दिसते. श्रेय कुणालाच घ्यावं लागत नाही, तेव्हा देणंही कुणाच्याच नावावर पडत नाही. दोन रुपये जास्त देऊन दुसऱ्या नळीशी उभं राहिलो असतो, तर निदान विचारलं असतं की हे पैसे कशाला लागतात, कुठं जातात. कायद्यानं आपल्याला त्या त्रासातून सोडवलं आणि त्याबरोबर त्या प्रश्नातूनही सोडवलं.

उत्प्रेरकाचा एक गुण मी शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो: उत्प्रेरक वेग बदलतो, समतोल बदलत नाही. अभिक्रिया जिथे पोचणार असते तिथेच पोचते. उत्प्रेरक फक्त मधला चढ कमी करतो, आणि तोही जाण्याच्या व येण्याच्या दोन्ही वाटांवर सारखाच. तंत्रज्ञानानं घडवलेल्या सुधारणेकडे मी आता तसंच पाहतो. प्रत्येक लिटर स्वच्छ झाला, पण किती लिटर जाळायचे हे त्यानं ठरवलं नाही. २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. टायर आणि ब्रेकची झीज, रस्त्यावरून उडणारी धूळ, यांना कुठलाच उत्प्रेरक नाही. बस कमी, गाड्या जास्त, हा आपला समतोल आहे, आणि तो आपल्यालाच बदलावा लागेल.

म्हणून बीएस-सहाबद्दल मला अपराधी वाटत नाही आणि कुणाला वाटावं असंही नाही. जे झालं ते निखळ चांगलं झालं, ते करणाऱ्यांचे आभार मानावेत. मला खटकतो तो 'स्वच्छ' हा शब्द पूर्णविरामासारखा वापरणं. इंधन स्वच्छ झालं, म्हणजे त्यातली घाण कुणीतरी काढली, कुठेतरी ठेवली, आणि त्या जागी कुणीतरी राहतं. बसच्या ताफ्यावर चर्चा होईल, नव्या उड्डाणपुलावर होईल, कोकणातल्या एखाद्या सड्यावर होईल, तेव्हा ते राहणारे लोकही त्या हिशेबात असायला हवेत. तसे ते असावेत यासाठी आधी त्या पोरांचा प्रश्न मोठ्या माणसांनी विचारला पाहिजे.