पुराव्याची पायरी

कायद्याने एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे, ती ही की 'सिद्ध झाले' या शब्दांचा अर्थ सर्वत्र एक नसतो. दिवाणी दाव्यात न्यायाधीश दोन्ही बाजूंचा पुरावा तराजूत घालतो आणि ज्या बाजूचा संभव अधिक तिला निकाल देतो. फौजदारी खटल्यात तेवढ्याने भागत नाही; तेथे आरोप वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. 1872 चा पुराव्याचा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही दोन मापे तशीच राहिली. एकाच घटनेवरून एका मनुष्यावर दिवाणी कोर्टात भरपाई बसते, फौजदारी कोर्टात तो निर्दोष सुटतो, आणि यात विसंगती काहीच नसते.

विद्वानांच्या जगात अशी निरनिराळी मापे आहेत काय? आहेत, असे आमचे मत आहे. आणि ज्याने त्याने आपले माप उघड सांगावे हे संशोधनातील पहिले नैतिक बंधन होय, असेही. हा प्रश्न केवळ विद्यापीठांचा असता तर त्याने ही पाने अडवली नसती. परंतु आपला समाज देवस्थानांभोवती वाढलेला आहे. आपले कुळ कोठून आले, देव कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेले, घरात बोलतो ती भाषा कोणाची कोण, हे प्रश्न आपल्याकडे स्मरणिकांत, जीर्णोद्धाराच्या पत्रकांत आणि समाराधनेच्या पंक्तीत नित्य निघतात, आणि उत्तराच्या शेवटी 'हे आता विज्ञानाने सिद्ध झाले आहे' अशी शेपटी लागलेली असते. कोणत्या विज्ञानाने, आणि कोणत्या मापाने?

ज्याचे माप सर्वांत कडक ते शास्त्र आधी घेऊ. आम्ही राहतो त्या हैदराबादच्या हिमायतनगरात पाया खणू लागले की कातळ लागण्यास फार वेळ लागत नाही. हैदराबादचा हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. ते वय कोणी पाहिले नाही. ते मोजले आहे. खडकातील झिर्कॉन नावाच्या बारीक स्फटिकांत युरेनियम अडकलेले असते, ठरलेल्या गतीने त्याचे शिसे होत जाते, आणि किती उरले व किती पालटले यावरून वय निघते. ही गती संशोधकाच्या इच्छेने बदलत नाही. हैदराबादेत मोजा, बर्लिनमध्ये मोजा, उत्तर चुकीच्या मर्यादेत तेच आले पाहिजे. न आले तर मोजणाऱ्यास जाब द्यावा लागतो. येथे साक्षीदारास पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात बोलावता येते. पदार्थविज्ञानाचा बराचसा अधिकार या एका सोयीवर उभा आहे.

भूशास्त्रास ही सोय प्रत्येक वेळी मिळत नाही. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेस भूकंप झाला. त्याची प्रत 6.3 होती आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. तो पुन्हा घडवून पाहता येत नाही, आणि येत असता तरी कोणी घडवू नये. प्रश्न मात्र कोर्टात शोभेल असा होता : धरणाने भूकंप केला काय? कोयनेच्या जलाशयात 1962 पासून पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले, हे खरे. पण 'त्यानंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे, हे कोणताही कनिष्ठ वकील सांगेल. येथे हैदराबादेतच 1961 साली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे पाण्याची पातळी आणि धक्क्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. आफ्रिकेतील करीबा, ग्रीसमधील क्रेमास्ता अशा दूरदूरच्या धरणांशी त्या ताडून पाहिल्या. एक घटना पुन्हा घडत नाही, तेथे तिच्यासारख्या अनेक घटनांची साक्ष काढावी लागते.

आणि निष्कर्ष कसा मांडला पाहा. खडकातील ताण पाण्याने निर्माण केला नाही. तो आधीच होता. पाण्याच्या भाराने आणि भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने तो सुटण्याची वेळ अलीकडे आली. दोषाची इतकी नेमकी वाटणी आम्ही फार थोड्या न्यायनिवाड्यांत वाचली आहे. एवढे होऊनही ही मंडळी थांबली नाहीत. 2017 साली कोयनेच्या परिसरात एक छिद्र तीन किलोमीटर खोल नेण्यात आले. वरचा काळा बेसाल्ट ओलांडून खालच्या जुन्या ग्रॅनाइटात, जेथे धक्के उगम पावतात त्याच्या जवळ जाऊन पाहण्यासाठी.

याच शास्त्रास किल्लारीने नम्रता शिकवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असता, जमीन हादरली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. येथे मोठा भूकंप झाल्याची नोंद नाही, याचा अर्थ येथे तो होत नाही असा घेतला गेला होता. पुढे 2002 साली तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला.

नोंद आणि घटना यांची ही गल्लत भाषेच्या इतिहासात तर पावलोपावली होते. श्रवणबेळगोळास गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' अशी ओळ कोरलेली आहे. मूर्ती चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. म्हणून ओळही 983 ची आणि तीच मराठीतील पहिली, असे शाळांतून घोकून घेतले गेले. परंतु तेथेच दुसरी ओळ आहे. तीत गंगराजाने भोवतालची ओवरी करविल्याचे सांगितले आहे, आणि हा गंगराज होयसळांचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचे अक्षरवळण एकच. तेव्हा पहिली ओळही त्याच वेळी, जुन्या गोष्टीची आठवण म्हणून कोरली असावी, असे अभ्यासकांनी दाखविले. दस्तात सांगितलेला व्यवहार जुना असला म्हणून दस्त जुना ठरत नाही, हे आमच्या धंद्यात रोजचे आहे. शं. गो. तुळपुळे यांनी पहिलेपणाचा मान अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखास दिला, शके 934, म्हणजे इसवी सन 1012. पण त्या आकड्यांच्या वाचनाबद्दलही मतभेद आहेतच.

इकडे कोकणीचे अभिमानी म्हणतात, 'करवियलें' ही तर आमचीच भाषा. एकाच ओळीवर दोन सख्ख्या बहिणींचा मालकीचा दावा! आमच्या मते दोन्ही दावे फेटाळण्याजोगे आहेत, कारण त्या चिमुकल्या ओळीत या दोन भाषांस वेगळे करील अशी खूणच नाही.

खूण अन्यत्र आहे आणि आपण ती दिवसातून शंभरदा उच्चारतो. कोकणी माणूस स्वतःस 'हांव' म्हणतो, मराठी माणूस 'मी'. 'हांव' हा संस्कृत 'अहम्'पासून, प्राकृत 'अहकं' आणि अपभ्रंश 'हउं' अशा वाटेने आला. 'मी' आला तो तृतीयेच्या 'मया'पासून. ज्ञानदेवांच्या काळापासून मराठी ग्रंथांत 'मी'चेच राज्य आहे. आता कोकणी ही मराठीची बिघडलेली बोली मानायची तर तिला 'हांव' दिले कोणी? जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे मालमत्तेच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. अर्थात एका शब्दाने निकाल लागत नाही. म्हणूनच झूल ब्लॉक यांनी मराठीचे आणि सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1942 च्या आपल्या ग्रंथात कोकणीचे ध्वनी, प्रत्यय, विभक्ती अशी सारी घडण तपासली. भाषा पुन्हा प्रयोगशाळेत जन्मास घालता येत नाही; पण एक ध्वनी एका स्थितीत बदलला तर तशाच स्थितीत शेकडो शब्दांत तसाच बदललेला सापडला पाहिजे. ही नियमितताच येथे पुनरावृत्तीचे काम करते.

मग कोकणी स्वतंत्र भाषा आहे हे सिद्ध झाले काय? येथे प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. वंश कसा फुटला, हे संशोधन सांगेल. भाषा म्हणावे की बोली, हे त्याच्या कक्षेत येत नाही. ते बोलणारे लोक आणि त्यांच्या संस्था ठरवितात. 1975 साली साहित्य अकादमीने, 1987 साली गोव्याच्या राजभाषा कायद्याने आणि 1992 साली घटनादुरुस्तीने ते ठरविले. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तोही निर्णय आहे, शोध नव्हे. दोन्हींचा आम्हांस आनंद आहे.

कोणी विचारील, मग एका शास्त्राने दुसऱ्याच्या घरी जाऊच नये काय? अवश्य जावे. गोव्याच्या कोसबें गावी जन्मलेले दामोदर कोसंबी गणिती होते. त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने केली, हातोहात फिरताना नाणे किती झिजते याचा संख्याशास्त्राने हिशेब मांडला आणि त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावण्याची वाट दाखविली. त्याच कोसंबींनी 1959 साली संभाव्यतेचे साधन घेऊन गणितातील रीमानचा सुप्रसिद्ध सिद्धान्त सिद्ध केल्याचे म्हटले, तेव्हा गणितज्ञांनी ते मानले नाही. झिजलेल्या नाण्यांच्या ढिगास जो संभव पुरतो, तो गणिताच्या सिद्धतेस पुरत नाही.

आता आपल्या देवळांकडे येऊ. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटविला ही आपली श्रद्धा आहे, आणि श्रद्धा म्हणून तिला कोणाच्या दाखल्याची गरज नाही. समुद्राची पातळी हजारो वर्षांत खालीवर झाली, एवढेच भूशास्त्र सांगते. बाण कोणी सोडला हे त्यास विचारणे म्हणजे भूशास्त्राचाही अपमान आणि परशुरामाचाही. खऱ्या बाजूचा वकील एक खोटा साक्षीदार उभा करतो तेव्हा उलटतपासणीत तो साक्षीदार एकटा पडत नाही. सारी बाजू पडते. आणि आपली बाजू खरी आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. सोळाव्या शतकातील हे देवांचे स्थलांतर आपल्या वाडवडिलांनी तोंडोतोंडी जपले. त्यास कागदाचा आधार हवा असेल तर तो देवळे पाडणाऱ्यांच्याच दप्तरात आहे. पोर्तुगीज सरकारने देवळांच्या आणि त्यांच्या सेवेकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेताना त्यांच्या याद्या केल्या. माणसाने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान कायदा विशेष विश्वसनीय मानतो. येथे देवळे नव्हतीच असे म्हणण्यात ज्यांचा लाभ होता, त्यांच्याच कारकुनांनी महसुलासाठी ती गावोगाव नोंदवून ठेवली. जीर्णोद्धाराच्या स्मरणिकांतून त्या याद्यांचा उल्लेख आम्हांस क्वचितच आढळतो. पाच हजार वर्षांचा मात्र मुखपृष्ठावरच असतो.